कुरूप पिल्लाचे ३००० फोटो: कागदी ॲनिमेशनच्या कामाच्या नोंदी

४ जून

कापलेल्या कागदाची छोटी ॲनिमेशन फिल्म करायला घेतली आहे. गोष्ट कुरूप बदकपिल्लाची. आपल्याकडे ही गोष्ट लहानपणी गाण्यातून कानावर पडते, आणि शेवटी राजहंस निघणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ताईने पहिला प्रश्न हाच टाकला: "शेवट माहीत असलेली गोष्ट कोण बघणार?" उत्तर सुचलं नाही, म्हणून कामाला लागले.

माणसं तीन. चित्रं, बाहुल्या आणि कॅमेरा माझ्याकडे, आवाज आणि संकलन ताईकडे, आणि पिल्लाचा आवाज भाच्याचा, वय वर्षं सात. तिघांनाही दिवसभर आपापले उद्योग आहेत, त्यामुळे काम संध्याकाळी.

हिशोब असा. फिल्म ४ मिनिटं १० सेकंदांची, म्हणजे २५० सेकंद. सेकंदाला १२ फोटो धरले तर ३००० फोटो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रं दाखवतो, पण प्रत्येक फोटो दोनदा दाखवला तरी डोळ्याला चालतं. एका संध्याकाळी ७० फोटो झाले तर ४३ संध्याकाळी. हा आकडा मी आज भिंतीवर लिहून ठेवला आहे, नंतर हसायला.

९ जून

संहिता. मूळ गोष्ट हान्स ख्रिश्चन अँडरसनची, डॅनिशमध्ये १८४३ साली छापलेली. अनुवाद पुन्हा नीट वाचला, तर आपण किती विसरलेलो असतो ते कळलं. ते मोठं अंडं इतरांपेक्षा उशिरा फुटतं. शेजारची म्हातारी बदकीण म्हणते, हे टर्कीचं असणार, पाण्याला घाबरेल बघ. आई त्याला पाण्यात नेते आणि ते झकास पोहतं. म्हणजे 'हा आपल्यातला आहे का' ही परीक्षा ते दुसऱ्याच दिवशी पास होतं. त्याने कुणाच्या वागण्यात तसूभर फरक पडत नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून पोहण्याचा प्रसंग आमच्याकडे सुरुवातीलाच येणार.

शिकाऱ्यांचा प्रसंग काढला. बंदुका, कुत्रे, उडणारे थवे हे सगळं एकटीने कागदात हलवणं झेपणार नाही. म्हातारीच्या झोपडीतलं मांजर आणि कोंबडी मात्र ठेवली. ती दोघं पिल्लाला विचारतात, तुला अंडी घालता येतात का, गुरगुरता येतं का, नाही ना, मग मत कसलं देतोस. अख्ख्या गोष्टीत याहून खरं काही नाही.

पहिल्या खर्ड्यात 'कुरूप' हा शब्द १४ वेळा आला होता. ताईने मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा कानाला बोचला. आता तीनदा आहे, आणि तिन्ही वेळा दुसऱ्याच्या तोंडी.

शेवट सध्या नेहमीचाच: पाण्यात प्रतिबिंब, पांढराशुभ्र हंस, संगीत.

१५ जून

आवाज आधी रेकॉर्ड करून घेतले. हा क्रम उलटा करू नका. आवाज हातात असला की कुठल्या फोटोला चोच उघडायची ते मोजता येतं. चित्र आधी आणि आवाज नंतर केला तर बिचारा बोलणारा चोचीमागे धावत सुटतो.

कपाटाचं दार उघडं, दोन्ही बाजूंना रजया टांगलेल्या, मध्ये भाचा स्टुलावर. खोली घुमत नाही, एवढंच हवं होतं. पहिला तास पंखा बंद करायला विसरलो, त्यामुळे तो सगळा वाया गेला. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये घरघर कमी करून पाहिली, पण आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. पुन्हा घेतला.

२१ जून

स्टँड उभा राहिला. लाकडी घोडा, त्यावर दोन काचा एकीवर एक, मध्ये १५ सेंटिमीटरचं अंतर. खालच्या काचेवर तळं आणि गवत, वरच्या काचेवर पात्रं, कॅमेरा वरून सरळ खाली बघतो. दोन थरांचा फायदा असा की पात्राची सावली पार्श्वभूमीवर पडत नाही, आणि मागचं चित्र न हलवता पुढची बाहुली हलवता येते.

काच ५ मिलिमीटरची घेतली. आधी ३ ची आणली होती. मध्ये किंचित वाकत होती आणि हाताचा भार पडला की फोटोत सगळं पोहायला लागायचं. कडा घासून घ्या किंवा त्यांना चिकटपट्टी लावा. मी लावली नव्हती, म्हणून २१ जूनची नोंद डाव्या हाताने टाइप केली आहे.

या प्रकल्पातला सगळ्यात मोठा खर्च हाच: काचा आणि दोन दिवे. कागद, गोंद, दोरा हे सगळं मिळून त्याच्या पाव हिस्साही नाही.

२७ जून

बाहुल्या. पिल्लू ९ सेंटिमीटर, राखाडी. जाड कार्डशीटवर राखाडी टिश्यू पेपर फाडून चिकटवला. कापला असता तर कड सरळ आली असती, फाडल्यावर तिला लव असल्यासारखी दिसते.

सांध्यांनी छळलं. पहिला प्रयत्न पितळी पिनांचा, दोन पाय मागे वळवायच्या असतात त्या. त्यांची टोपी दिव्यात चमकते, आणि पंख दोन मिलिमीटर वर उचलला जाऊन अंगावरच सावली पडते. दुसरा प्रयत्न दोऱ्याचा: आरपार ओवून दोन्ही बाजूंना गाठ आणि गाठीवर गोंदाचा ठिपका. हा चांगला, पण ३०-४० फोटोंनंतर सैल होतो आणि पंख आपणहून सरकतो. शेवटी पंखांना दोरा ठेवला आणि मानेला सांधाच दिला नाही. मानेचे पाच सुटे तुकडे नुसते एकाला एक लावून मांडायचे, खाली पोस्टर चिकटवायच्या रबरी पुट्टीचा मोहरीएवढा गोळा. प्रत्येक फोटोला पाच तुकडे हलवायचे म्हणजे वेळ दुप्पट, पण मान जिवंत वाटते.

आणखी एक: कार्डशीटची कापलेली कड पांढरी असते. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते, प्रत्येक पात्राभोवती खडूची रेघ ओढल्यासारखी. सगळ्या कडा राखाडी पेन्सिलीने रंगवल्या. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

४ जुलै

पहिले ८४ फोटो. सात सेकंदांचं दृश्य, अंडं हलतं आणि तडकतं. लावून पाहिलं तर सगळं लुकलुकतंय, जणू कुणी दिव्याच्या बटणाशी खेळतंय. सगळे फोटो वाया.

६ जुलै

लुकलुकण्याची कारणं तीन निघाली आणि ती एकामागून एक सापडली, त्यामुळे दर वेळी वाटलं की आता सुटलं.

पहिलं, कॅमेरा ऑटोवर होता. मी हात आत-बाहेर करते तसा तो प्रत्येक फोटोला उजेड आणि रंग नव्याने ठरवत होता. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल), फोकस सगळं मॅन्युअलवर टाकलं. शटर अर्धा सेकंद ठेवलं. वस्तू स्थिर आहे, घाई कसली, आणि एवढ्या लांब शटरला विजेच्या दिव्याची सूक्ष्म फडफडही पकडली जात नाही.

दुसरं, खिडकी. संध्याकाळी सहाला सुरू केलं की आठपर्यंत बाहेरचा उजेड उतरत जातो. पडदा होता, पण तो पुरत नाही. काळा कागद लावला.

तिसरं, लेन्स. प्रत्येक फोटोला लेन्सचं छिद्र बंद होऊन पुन्हा उघडतं, आणि दर वेळी ते केसभर वेगळं बंद होतं. एका फोटोत हे कळत नाही, बारा ओळीने लावले की दिसतं. उपाय म्हणजे छिद्र पूर्ण उघडं ठेवायचं, मग लेन्सला काही हलवायलाच नको. यात फोकसची पट्टी अरुंद होते. पण पात्र धारदार आणि खालचं तळं किंचित धूसर झालं, जे मला मुद्दाम करूनही जमलं नसतं.

पहिले ८४ फोटो पुन्हा काढले. थांबलेले दिवस दोन, पण पुढच्या ३००० फोटोंचं मरण वाचलं.

१२ जुलै

काचेत मी दिसतेय. बदकीण पिल्लांना पाण्याकडे नेते त्या दृश्यात तळ्याच्या मधोमध माझा पांढरा सदरा एखाद्या ढगासारखा सरकतो. १३० फोटो गेले.

आता नियम: काम करताना काळे कपडे, पूर्ण बाह्या. कॅमेऱ्याचंही प्रतिबिंब पडत होतं. काळ्या पुठ्ठ्याला लेन्सएवढं भोक पाडून तो लेन्सभोवती लावला. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. घड्याळही काढून ठेवायचं, त्याची चमक एका फोटोत आली आहे.

२५ जुलै

मांजर-कोंबडीचं दृश्य. काल रात्री २१२ फोटो पूर्ण होत आले असताना घोड्याला माझाच गुडघा लागला. सगळं तीन मिलिमीटर सरकलं.

वाटलं, संगणकावर चित्र उचलून पुन्हा जागेवर ठेवता येईल. एकच थर असता तर आलंही असतं. दोन काचांमध्ये अंतर असल्यामुळे कॅमेरा सरकला की वरचा थर जास्त सरकतो आणि खालचा कमी. वरचा जुळवला की खालचा उडी मारतो. रात्री एकपर्यंत झटापट करून सोडून दिलं. अख्खं दृश्य नव्याने, तीन संध्याकाळी.

आता घोड्याचे पाय जमिनीला चिकटपट्टीने बांधले आहेत, आणि फोटो रिमोटने काढते. कॅमेऱ्याला बोट लावायचंच नाही.

२ ऑगस्ट

मांजर-कोंबडी झालं. पुन्हा करावं लागलं ते एका परीने बरंच झालं, कारण पहिल्या खेपेला मी घाई केली होती. कोंबडी विचारते, "अंडी घालता येतात?" पिल्लू म्हणतं, "नाही." मग कोंबडी काही बोलायच्या आधी मी ८ फोटोंचा थांबा ठेवला होता, पाऊण सेकंदाच्या आतबाहेर. हसू येत नव्हतं. या खेपेला २० फोटो ठेवले. त्या पावणेदोन सेकंदांत कोंबडी फक्त एकदा पापणी मिटते आणि मांजर हळूच तिच्याकडे बघतं. ताईने सहा वेळा पाहिलं आणि सहाही वेळा हसली.

थांब्यातही एकच फोटो वीसदा वापरू नका, चित्र मेल्यासारखं दिसतं. दर तीन-चार फोटोंनी पिसाची एखादी कड नखाने किंचित हलवली की पुरे.

९ ऑगस्ट

हवा दमट आहे आणि बाहुल्या द्रोणासारख्या वळायला लागल्या आहेत. कारण साधं: पुढच्या बाजूला गोंद आणि टिश्यू, मागची बाजू उघडी. एक बाजू ओल पिते, दुसरी पीत नाही. सगळ्यांना मागूनही तोच गोंद आणि तोच कागद लावला, रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवलं. सरळ झाल्या. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पाच दिवस बंद.

१७ ऑगस्ट

हिवाळा. पिल्लू तळ्याच्या बर्फात अडकतं. बर्फासाठी ट्रेसिंग पेपरचे तुकडे, दर सहा फोटोंनी एक आत सरकवायचा, पिल्लाभोवतीचं पाणी लहान लहान होत जातं. हे पहिल्या फटक्यात जमलं, त्यामुळे लिहिण्यासारखं काही नाही.

बर्फ पडताना दाखवायला मात्र मीठ वापरलं, आणि तो मूर्खपणा होता. चहाच्या गाळण्यातून वरच्या काचेवर भुरभुरवलं, छान दिसलं. पण मिठाला पाणी सुटतं. दुसऱ्या दिवशी काचेवर चिकट ठिपके आणि पिल्लाच्या शेपटीवर डाग. नंतर पांढऱ्या कागदाचे पंचिंग मशीनमधून पडलेले गोल कात्रीने आणखी बारीक केले आणि मऊ ब्रशने हलवले. शेपूट बदलली.

३० ऑगस्ट

पांढरा हंस तयार. चार संध्याकाळी लागल्या. मानेचे ११ तुकडे, पंखात तीन आकारांची ६० पिसं, प्रत्येक पिसाला मधली रेघ सुईच्या टोकाने दाबून काढलेली. आजवर हाताने केलेल्या गोष्टींत ही सर्वांत देखणी. ताईने टेबलावर बघून शिट्टी वाजवली.

२ सप्टेंबर

कॅमेऱ्यात तो हंस म्हणजे चित्राला पडलेलं भोक आहे.

आमचा सगळा उजेड संध्याकाळच्या तळ्याला आणि राखाडी पिल्लाला बेतलेला. त्या उजेडात पांढरा कागद पार जळून जातो. साठातलं एक पीस दिसत नाही, फक्त हंसाच्या आकाराचा कोरा पांढरा डाग. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, कमी केलं की पिसं दिसतात आणि तळं काळं होतं. पिसांवर राखाडी पेस्टलने छटा दिली तर हंस मळका दिसतो, जणू कोळशाच्या गोणीतून आलाय. दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर लावला, थोडा फरक, पुरेसा नाही.

वैतागून शेजारी पिल्लू ठेवलं आणि एक फोटो काढला. राखाडी टिश्यूची एकेक फाटलेली कड त्यात दिसते, अंगाला खोली आहे, डोळा चमकतो. ज्याला फिल्मभर सगळे कुरूप म्हणतात ते फोटोत सुरेख, आणि ज्याच्यासाठी एवढी गोष्ट रचली तो सपाट. अर्धा तास नुसती तो फोटो बघत बसले.

५ सप्टेंबर

हंसाचा रंग नेमका कसा असतो ते बघायला पक्ष्यांची माहिती काढली आणि आमचा शेवटच चुकीचा निघाला. युरोपातल्या तळ्यांत दिसणारा मूक हंस घ्या. पिल्लू राखाडी लवेचं असतं. चार-पाच महिन्यांत उडायला लागतं, तेव्हा अंग तपकिरी-राखाडी असतं. पहिला हिवाळा ते तसंच काढतं. पुढच्या वसंतात पांढरी पिसं यायला लागलेली असतात पण तपकिरी ठिगळं शिल्लक असतात, आणि चोच अजून मोठ्यांसारखी नारिंगी झालेली नसते. पूर्ण पांढरं व्हायला दुसरं वर्ष उजाडतं.

गोष्टीत एकच हिवाळा जातो. म्हणजे त्या वसंतात पाण्यात डोकावणारा पक्षी ठिगळा-ठिगळाचा असणार.

अंडं उशिरा फुटतं हे मात्र बरोबर आहे. बदकाचं अंडं साधारण २८ दिवसांत फुटतं, मूक हंसाचं सुमारे ३६.

७ सप्टेंबर

ताईशी वाद. ती म्हणाली, "लोक हंस बघायला येणार आणि तू त्यांना अर्धवट पक्षी दाखवणार?" मी म्हटलं, पांढरा झाल्यावर त्याने स्वतःला स्वीकारलं तर त्यात त्याचं काय गेलं? आरसा गोड बोलला की कुणीही आरशाशी मैत्री करतं. ती म्हणाली, "हे तुला आता सुचतंय, कारण तुझा हंस फोटोत वाईट आलाय." तेही खरंच आहे. तो फोटोत चांगला आला असता तर मी पक्ष्यांची माहिती काढलीच नसती.

ठरलं ते असं: मूळ गोष्टीत पिल्लू हंसांपुढे मान खाली घालतं, आता हे मला मारून टाकणार या समजुतीने, आणि तेव्हा त्याला पाण्यात स्वतः दिसतं. तो क्षण तसाच ठेवायचा. पाण्यात दिसतो तो ठिगळांचा पक्षी. काठावरची मुलं 'हाच सगळ्यात सुंदर' म्हणतात ते वाक्य काढलं. संगीतही काढलं, फक्त पाणी.

१० सप्टेंबर

शेवटाचं एक नवं वाक्य रेकॉर्ड करायला भाच्याला बसवलं. जूनपासून त्याचे पुढचे दोन दात पडले आहेत. 'स' आणि 'श' मधून वारा जातो. 'दिसतो' हा शब्द तो म्हणतो तेव्हा ताई हसते, मग तोही हसतो, मग सगळं संपतं. चौदा वेळा घेतलं. जुन्या आवाजाशेजारी ते दुसऱ्याच पोराचं वाटतं.

वाक्यच काढून टाकलं. शेवटच्या ३८ सेकंदांत आता कुणी बोलत नाही. लहान मुलांचे आवाज घेणार असाल तर संहिता पक्की करून सगळं एकाच आठवड्यात उरका. दात थांबत नाहीत.

१४ सप्टेंबर

ठिगळांचा पक्षी. पांढऱ्या हंसाच्या मानेचे तुकडे तसेच वापरले, त्यांवर तपकिरी आणि राखाडी टिश्यू फाडून लावला, मध्येमध्ये पांढरं उघडं ठेवलं. पांढरं आता थोडं थोडं असल्यामुळे जळत नाही, उलट तिथे नजर जाते. पहिल्या खेपेला ठिगळं दोन्ही बाजूंना सारखी आली आणि पक्षी कापडावरच्या नक्षीसारखा दिसला. ती काढून डोळे मिटून लावल्यासारखी लावली. मानेवर एक मोठं, पंखावर तीन लहान, छाती जवळजवळ पांढरी. चोच फिकट राखाडी-गुलाबी.

एक सूचना: तुकड्यांना मागून आकडे घाला. अकरा तुकड्यांची मान एकदा सांडली की ठिगळं कुठल्या क्रमाने होती ते शोधायला पाऊण तास जातो.

२८ सप्टेंबर

प्रतिबिंब. आधी संगणकावर पक्ष्याचं चित्र उलटं करून पाण्यात बसवलं. बसलं व्यवस्थित, पण खालचं चित्र वरच्यापेक्षा स्वच्छ दिसत होतं, आणि पाणी ओलं वाटत नव्हतं. मग दुसरी बाहुली केली, उलटी, खालच्या काचेवर. प्रत्येक फोटोला दोन पक्षी हलवायचे, एक खाली वाकतो तेव्हा दुसरा वर येतो. ३८ सेकंद म्हणजे ४५६ फोटो, संध्याकाळी जेमतेम ४०.

लाटांसाठी एका पारदर्शक ओएचपी शीटवर केसांना लावायचं जेल बोटाने फिरवून ती प्रतिबिंबावर ठेवली. दर फोटोला शीट दोन मिलिमीटर सरकवायची, खालचं चित्र थरथरतं. फार सुंदर. पण जेल दिव्याखाली तासाभरात वाळून पापुद्रा धरतं आणि पाण्याला भेगा पडतात. ग्लिसरीन वापरलं, ते वाळत नाही. त्याला धूळ चिकटते, तेवढं सांभाळा. मी दर संध्याकाळी शीट पुसून नवं लावत होते.

पक्षी मान खाली घालतो आणि प्रतिबिंब दिसतं, तिथे ३६ फोटोंचा थांबा आहे. त्यात मानेवरचं मोठं ठिगळ पाण्यात विरतं आणि पुन्हा जुळतं. हे मी ठरवलं नव्हतं, शीट सरकवताना ग्लिसरीनचा एक जाड वळसा नेमका त्याच्यावरून गेला. तीन सेकंद आहेत, मी त्यात बोट घालणार नाही.

५ ऑक्टोबर

शेवटचा फोटो. मागे दूरवर चार मोठे हंस आहेत, लहान आकारात, तिथे पांढरं जळलं तरी चालतं. त्यांतला एक जवळ येतो आणि शेजारून पोहत राहतो, एवढंच.

८ ऑक्टोबर

संकलन. ताईने सगळे फोटो टाकले आणि फिल्म दोन मिनिटांत संपली. बदकीण शर्यतीत असल्यासारखी पळत होती. सॉफ्टवेअरने प्रत्येक फोटो एकच फ्रेम, म्हणजे सिनेमाचं एकच चित्र, धरला होता. मग दोन-दोन फ्रेम केल्या, तरी आवाज हळूहळू मागे पडायला लागला आणि शेवटी दहा सेकंदांचा फरक. दीड दिवस ऑडिओ कापाकापी केल्यावर कळलं की प्रकल्प सेकंदाला २५ फ्रेमवर उघडला आहे. २५ मध्ये दोन-दोन फ्रेम म्हणजे सेकंदाला साडेबारा फोटो, ३००० फोटो २४० सेकंदांत संपतात. २४ वर नवा प्रकल्प उघडला, सगळं आपोआप जुळलं. कापाकापी फेकून दिली. कुठलाही फोटो आत टाकायच्या आधी हा आकडा बघा.

१९ ऑक्टोबर

भाच्याच्या पाच मित्रांना आणि चार मोठ्यांना दाखवली. मांजर-कोंबडीला मुलं अपेक्षेपेक्षा जास्त हसली. बर्फाच्या वेळी एक मुलगी उठून आईजवळ जाऊन बसली.

प्रतिबिंब आलं तेव्हा एका मुलाने विचारलं, "याला धुतलं नाही का?" दुसरा म्हणाला, "तो अजून होतोय." मोठ्यांपैकी दोघांना शेवट अपुरा वाटला, पुढे पांढरा झालेला दाखवायचा राहिला का, असं त्यांनी विचारलं. एक जण काहीच बोलला नाही, पण पुन्हा लाव म्हणाला. ताई अजूनही म्हणते की संगीत हवं होतं. बर्फाच्या दृश्याबाबत तिचं म्हणणं मला पटलं: तो प्रसंग चार सेकंद लांब आहे. कापला, आणि तेवढेच सेकंद पहिल्या पोहण्याला दिले. तिथे पिल्लू एकटं पुढे जातं आणि बाकीची मागे राहतात, ते आधी नजरेतून सुटत होतं. उरलेल्या फोटोंतून ते भरता आलं, नवीन काढावे लागले नाहीत.

२३ ऑक्टोबर

हिशोब, कुणाला उपयोगी पडला तर. फिल्ममध्ये फोटो ३०००, काढलेले ४,३८०. भिंतीवर ४३ संध्याकाळी लिहिल्या होत्या, नुसत्या फोटोंना ६४ लागल्या, बाहुल्या आणि स्टँड वेगळे. वाया गेलेल्यांत सगळ्यात महाग माझा गुडघा, त्यानंतर पांढरा सदरा.

काचा विकायच्या नाहीत. पांढऱ्या हंसाची मान गेली, पण पिसं साठच्या साठ एका पाकिटात आहेत. भाच्याला नवीन दात येतायत आणि तो रोज विचारतो, "मावशी, कोंबडीची वेगळी फिल्म कधी?" कोंबडी पांढरी आहे. या वेळी उजेड आधी बघणार, पिसं नंतर कापणार.